ट्रक ओढेल हो, पण सांभाळेल का?

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. अमेरिकेत डेन्व्हरला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं पाठवलेला. फोटोत चाकांवरचं एक लांबलचक पांढरं घर होतं. आत पलंग, ओटा, फ्रिज, बाथरूम, सगळं काही. खाली दादानं लिहिलं होतं, 'आईबाबा येतायत. या वेळी हॉटेल नाही. घरच मागे बांधून फिरायचं!'

पाच मिनिटांत ग्रुपवर अंगठे, बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला. एका मामीनं फक्त विचारलं, 'एवढं मोठं धूड तुझी गाडी ओढेल का रे?' दादा म्हणाला, 'विकणारा म्हणतोय, आरामात ओढेल.' मामानं लगेच पुरावाही दिला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये टोयोटा टुंड्रा या पिकअप ट्रकनं 'एंडेव्हर' हे अंतराळयान ओढून पुलापलीकडे नेलं होतं, त्याचा व्हिडिओ. सव्वाशे टनांहून जास्त वजन! मग दादाचा ट्रेलर म्हणजे किस झाड की पत्ती?

तेवढ्यात मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा मेसेज आला. काका नाशिकचे. एसटीत चालक होते, कसारा घाटात आयुष्य गेलं. त्यांनी एवढंच लिहिलं, 'ओढेल. पण उताराला थांबेल का?'

ग्रुप एकदम शांत झाला.

खरं सांगते, मी इंग्रजीची बीए. गाडीतलं मला पेट्रोल कुठे भरतात एवढंच कळतं. पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. दादा, वहिनी आणि मी व्हिडिओ कॉलवर बसून या प्रश्नाच्या मागे लागलो. तुमच्याही घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा कॅनडात असेलच. उद्या त्यांचा असा फोटो आला, किंवा तुम्हालाच त्या गाडीत बसायची वेळ आली, तर हे माहीत असलेलं बरं.

हे प्रकरण आहे तरी काय?

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं, चाकांवरचं घर. ते गाडीच्या मागच्या कडीला, म्हणजे हिचला, जोडून ओढायचं. मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि गाडी घेऊन फिरायला मोकळं व्हायचं. तिकडे हा प्रकार घरोघरी चालतो.

ओढायला लागतो पिकअप ट्रक. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या गाड्यांना तिकडे 'हाफ-टन' म्हणतात. हे नाव जुन्या काळचं, आताच्या गाड्या अर्ध्या टनापेक्षा जास्त वजन घेतात. त्यावरच्या २५० किंवा २५०० क्रमांकाच्या गाड्या 'थ्री-क्वार्टर-टन' आणि ३५० किंवा ३५०० वाल्या 'वन-टन'. दादाकडे होता हाफ-टन. आणि त्याला घ्यायचा होता ३० फुटी ट्रेलर.

जाहिरातीतला आकडा आणि दारावरचा आकडा

दादाच्या ट्रकच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ओढण्याची क्षमता ११,००० पाउंड, म्हणजे जवळजवळ ५,००० किलो. ट्रेलर सामानासकट भरला तरी ३,६०० किलोच्या आसपास. म्हणजे १,४०० किलोंची सवलत. विकणारा खोटं बोलत नव्हता. तो फक्त अर्धं बोलत होता.

हा आकडा कसा ठरतो ते बघा. अमेरिकेत एसएई नावाची अभियंत्यांची संस्था आहे. तिनं ट्रेलर ओढण्याच्या चाचणीचा एक नियम घालून दिलाय, त्याचं नाव जे-२८०७. त्यातली एक परीक्षा अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढाची असते. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या पुढचं ऊन, एसी पूर्ण सुरू, आणि तरी साध्या चार चाकी पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे, शंकाच नाही. पण त्या ट्रकमध्ये माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी ६८ किलोंची.

मागच्या सीटवर आजी-आजोबा नाहीत, नात नाही, तिची सायकल नाही. कुटुंबाची सहल त्या आकड्यात बसवलेलीच नसते.

कुटुंबासाठीचा खरा आकडा वेगळ्याच जागी असतो. चालकाचं दार उघडलं की आतल्या चौकटीवर एक स्टिकर दिसतं. त्यावर त्याच गाडीसाठी लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त कधीही भरू नये. यालाच पेलोड म्हणतात. 'त्याच गाडीसाठी' हे महत्त्वाचं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचं पेलोड वेगळं असू शकतं. छताला काच, मोठ्या सीट्स, फोर-व्हील-ड्राइव्ह अशी एकेक चैन वाढली की गाडीचं स्वतःचं वजन वाढतं आणि तुमच्या वाट्याचं कमी होतं. म्हणजे शोरूममधली सगळ्यात देखणी गाडी बऱ्याचदा सगळ्यात कमी वजन घेते.

आता तुम्ही म्हणाल, ट्रेलर तर मागे चाकांवर चालतो, त्याचा पेलोडशी काय संबंध? मीही हेच विचारलं. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. पुढचं टोक ट्रकच्या हिचवर टेकतं आणि तिथे खाली दाब देतं. याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत हा दाब भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के ठेवावा लागतो. आणि हे सगळं वजन ट्रकच्या पेलोडमधून वजा होतं.

वहीत हिशेब मांडला तेव्हा

वहिनीनं उठून खाली जाऊन दाराच्या स्टिकरचा फोटो काढला. सुमारे ७०० किलो. मग वाणसामानाच्या यादीसारखी आम्ही यादी केली.

* ट्रेलरचा हिचवरचा दाब, ३,६०० किलोंच्या १३ टक्क्यांनी : ४६८ किलो
* वजन विभागणारी हिच, तिच्या दांड्यांसकट : ४० किलो
* दादा ८२, वहिनी ६४, काका ७४, मावशी ६६ आणि छोटी २८ : मिळून ३१४ किलो

एकूण ८२२ किलो. स्टिकरपेक्षा १२२ किलो जास्त. आणि यात ट्रकच्या मागच्या हौद्यात टाकायचा जनरेटर, बर्फाची पेटी, खुर्च्या, लाकडं, काही धरलेलंच नव्हतं.

म्हणजे बघा, ओढण्याची क्षमता १,४०० किलो शिल्लक आणि पेलोड १२२ किलो उणे. एकाच गाडीचे, एकाच वेळचे हे दोन आकडे! हाफ-टन ट्रक आणि मोठा ट्रेलर या जोडीत बहुतेक वेळा असंच होतं. इंजिन कमी पडत नाही, पेलोड आधी संपतं.

विकणाऱ्यानं ट्रेलरचं वजन ३,०४० किलो सांगितलं होतं. तेही खरंच होतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. रिकाम्या ट्रेलरमधून कोण सहलीला जातं? नुसती १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो वाढले. मग गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, अंथरुणं, भांडी, कपडे, मावशीनं नेलेले लाडू-चिवड्याचे डबे आणि कुकर. पाचशे-सहाशे किलो कधी भरतात ते कळतही नाही. म्हणून हिशेब कधीही रिकाम्या वजनावर करू नका. ट्रेलरवर त्याचं जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते धरा.

दादा थोडा खट्टू झाला. म्हणाला, 'वजन विभागणारी हिच लावली की होतं ना सगळं ठीक?' होतं, पण सगळं नाही. मागे जड वजन टेकलं की ट्रकची शेपटी दबते आणि नाक वर उठतं. पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग ढिलं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ही हिच आपल्या दांड्यांच्या ताणानं त्यातलं काही वजन पुढच्या चाकांवर आणि काही परत ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. मोठ्या ट्रेलरला ती हवीच. पण तिच्यामुळे दारावरचा आकडा वाढत नाही.

ट्रेलर डोलायला लागला तर

वजन जास्त झालं तर टंग वेट कमी करू, जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला ठेवू, असं कुणालाही सुचेल. आम्हालाही सुचलं. पण नेमकं हेच करायचं नाही.

हिचवरचा दाब १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागण्याचा धोका वाढतो. आधी हलकंसं, मग प्रत्येक झोक्याला जास्त. वेग जितका जास्त तितकं ते लवकर हाताबाहेर जातं, आणि शेवटी मागचा ट्रेलर पुढच्या ट्रकलाच फिरवतो. शेजारून मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा आला की सुरुवात होते. ३० फुटी ट्रेलरची एक बाजू म्हणजे साधारण २४० चौरस फुटांची भिंत. दहा बाय बाराच्या दोन खोल्यांची फरशी उभी करून हायवेवर नेल्यासारखं. वाऱ्याला आणखी काय हवं?

म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर किंवा थोडं पुढे, जमिनीलगत ठेवायचं. सायकली मागे टांगायच्या आधी दोनदा विचार करायचा. आणि झोके सुरू झालेच, तर मनात येईल त्याच्या उलट वागायचं. करकचून ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग फिरवून सावरायला जायचं नाही. वेगही वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा आणि हातानं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. त्यासाठी चालकाजवळ ब्रेक कंट्रोलर नावाचं यंत्र असतं, त्यावर एक छोटी कळ असते. ती कुठे आहे हे निघण्यापूर्वी बघून ठेवायचं. तेव्हा शोधायला वेळ नसतो.

चढापेक्षा उतार अवघड

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. दादाला जायचं होतं डेन्व्हरहून युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कला. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि रस्ता आय-७० हायवेचा. डेन्व्हर सोडलं की हा रस्ता रॉकी पर्वतात चढतो आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद बरीच घटते. बोगदा ओलांडला की पलीकडे ७ टक्क्यांपर्यंतचा उतार. जागोजागी ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचे चढ करून ठेवलेत. ते कुणी शोभेला बांधत नाही.

काका कॉलवर आले आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं, 'ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतरायचं.' तिकडचे जाणकारही हेच सांगतात. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करायचा, खालचा गिअर घ्यायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. ट्रकमध्ये टो-हॉल मोड असतो, तो हे काम सोपं करतो. पण बटण दाबलं म्हणून जबाबदारी संपत नाही.

ट्रेलरचे ब्रेक त्याचे त्याला असायला हवेत आणि ते चालायलाही हवेत. ट्रकचे ब्रेक एकट्यानं साडेतीन टन अंगावर घेण्यासाठी केलेले नसतात. आणि वेगाचं गणित लक्षात ठेवा. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ नं गेलात तर वेग दहा मैलांनीच वाढतो, पण थांबवायची ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना कायद्यानंच ५५ मैलांची मर्यादा आहे. तिकडे तुमचा भाचा-पुतण्या असेल तर त्याला आठवण करून द्या. शिवाय ट्रेलरच्या अनेक टायरांची स्वतःची मर्यादाही ६५ मैलांचीच असते, मग रस्त्यावरची पाटी काहीही सांगो.

आणि ते अंतराळयान? ते टुंड्रानं सुमारे ४०० मीटर ओढलं होतं, अगदी मंद वेगात, बंद केलेल्या रस्त्यावर. मागच्या सीटवर कुणाची नात झोपली नव्हती.

मग उत्तर काय?

पिकअप ट्रक मोठा ट्रॅव्हल ट्रेलर सुरक्षित ओढू शकतो का? शकतो, पण त्या दोघांची जोडी जमली तर. आणि जोडी जमते की नाही हे इंजिन नाही, दारावरचं स्टिकर सांगतं. आमच्यासमोर तीन रस्ते होते.

मोठा ट्रक घेणं : थ्री-क्वार्टर-टनच्या गाड्यांची चौकट, मागचा अॅक्सल, ब्रेक सगळंच दणकट असतं. ३० फुटी ट्रेलर नेहमी ओढायचा असेल तर हेच योग्य. पण इथेही स्टिकर बघाच. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पेलोड वाटतं तितकं नसतं.

लहान ट्रेलर घेणं : भरून २,३०० किलो होणारा ट्रेलर धरला तर १३ टक्क्यांनी दाब २९९ किलो. त्यात हिचचे ४० आणि माणसांचे ३१४ मिळवले की ६५३. स्टिकरच्या आत, ४७ किलो शिल्लक.

ट्रेलर मुक्कामी मागवणं : तिकडे भाड्याचा ट्रेलर मालक स्वतः कॅम्पच्या जागेवर आणून, लावून देतो आणि नंतर घेऊन जातो. वर्षातून एकदाच जायचं असेल तर यासारखं सुख नाही.

दादाला ३० फुटी ट्रेलरचा मोह सुटत नव्हता. बयाणा देण्याची तारीख दोन दिवसांवर होती. तो म्हणाला, 'तिकडे कितीतरी जण असेच ओढतात गं, काही होत नाही.' तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, 'आई आयुष्यात पहिल्यांदा येतायत. तू उतारावर मागे बघत गाडी चालवणार, का त्यांना डोंगर दाखवणार?' बयाणा दिला गेला नाही. २२ फुटी ट्रेलर भाड्यानं घेतला. जनरेटर घरीच राहिला, कुकर मात्र गेला.

निघण्यापूर्वी हे बघा

* भरलेली गाडी आणि ट्रेलर वजनकाट्यावर न्या. तिकडे हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात, ट्रकच्या पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं मिळतं. अंदाज आणि काटा यांत काट्यावर विश्वास ठेवा.
* हिचवरही मर्यादा लिहिलेली असते. ट्रक, हिच, ट्रेलर, टायर यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तोच आपला आकडा.
* सुरक्षेच्या साखळ्या जोडाखालून एकमेकींवर तिरक्या घाला. जोड निसटला तर ट्रेलरचं टोक जमिनीऐवजी त्यांवर टेकतं.
* ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार असते. ती ट्रकला जोडली आहे ना, बघा.
* मागचे दिवे आणि इंडिकेटर लागतात का, हे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासा.
* टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. नक्षी शिल्लक असली तरी जुने झालेले टायर बदला.
* मोकळ्या मैदानात मागे घेणं, वळणं आणि थांबणं यांचा सराव करा. पहिला धडा घाटात नको.
* चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसवू नका, आडवं व्हायलाही नाही. अनेक राज्यांत याला कायद्यानंच बंदी आहे. पलंग मुक्कामासाठी असतो.

आपल्याकडे ट्रेलर ओढायची वेळ फारशी येत नाही. पण लग्नाला निघताना सातजणांच्या गाडीत नऊजण, वर कॅरिअरवर आहेराच्या बॅगा, हे आपण सगळ्यांनी केलंय. आपल्याही गाडीच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं, भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो. कधी वाचलंय? मी तरी वाचलं नव्हतं. आता वाचते.

सहलीहून परत आल्यावर मावशीनं आर्चेसचे दीडशे फोटो टाकले. लाल दगडांच्या कमानी, कमानीखाली छोटी, छोटीच्या हातात लाडू. काकांनी एकच फोटो टाकला. त्या लांबलचक उताराच्या तळाशी, मोकळ्या जागेत उभी असलेली गाडी आणि मागे तो लहानसा ट्रेलर. खाली लिहिलं होतं, 'थांबली.'

तुमच्या ग्रुपवरही कधी असा चाकांवरच्या घराचा फोटो येईल. अंगठा जरूर द्या. पण त्याच्याआधी एक मेसेज टाका, 'दाराच्या स्टिकरचा फोटो पाठव बघू.'